घरात ‘दुकान-दुकान’चा कोपरा करायचाय (ऑटिझम, मुलगा ७ वर्षांचा). सामान किती, सुरुवात कुठून?

जालन्याची_आई

नमस्कार. मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं आहे. स्वतःहून दोन-तीन शब्दांत मागतो (पाणी दे, बाहेर चल). बाकी ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणत राहतो. चित्रं चांगली ओळखतो, २० पर्यंत अंक वाचतो. थेरपीत सांगितलं की घरीच भातुकलीसारखा कोपरा करा, म्हणजे दुकान, केस कापणं, दवाखाना, एसटी यांचा सराव होईल. कसा करायचा हे विचारायच्या आत पुढच्या लेकराचा नंबर आला.

हॉलमध्ये ५ बाय ४ फूट जागा मोकळी करता येते. लोखंडी मांडणी आहे, एक स्टूल आहे. प्लास्टिकचा किचन सेट आणि प्लास्टिकची फळं-भाज्या ऑनलाइन मागवल्या. तो त्या रंगाप्रमाणे ओळीत लावत बसतो, आपण हात लावला की आरडाओरडा. मी दुकानदार झाले तर माझ्याकडे ढुंकून बघत नाही. आणि समजा घरातलं दुकान जमलं, तरी खऱ्या दुकानात हे करेल का? कोणत्या खेळापासून सुरू करू, रोज किती वेळ? दुपारी आम्ही दोघंच असतो, सासूबाई संध्याकाळी मोकळ्या असतात.

ओटी_लातूर

ताई, मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. प्लास्टिकची फळं माळ्यावर टाका. रागाने नाही, कारणाने सांगतोय. हे खोटं केळं खरं आहे असं समजून खेळायचं, हीच पायरी ऑटिझममध्ये अवघड असते. दीड वर्षाच्या लेकरांच्या तपासणीत लटका खेळ येतो का हे विचारतात ते त्यामुळेच. प्लास्टिकचं केळं पुढे ठेवून दुकान खेळलात की तुम्ही एकाच वेळी दोन धडे देताय: एका वस्तूला दुसरी मानणं आणि खरेदी करणं. लेकरू पहिल्यातच अडकतं. तुम्हाला खरेदी शिकवायचीय ना? मग वस्तू खऱ्या, पैसे खरे, पिशवी खरी. खोटी फक्त जागा. लटका खेळ शिकवायचा असेल तर तो वेगळ्या वेळी, वेगळ्या सामानावर.

कोपरा असा करा. मांडणी भिंतीला लावा, तिच्यापुढे दोन-अडीच फूट सोडून काउंटर. काउंटर म्हणजे टेबल, आडवी पेटी, शिलाई मशीनचं स्टँड, काहीही चालेल. उंची त्याच्या कोपराएवढी, या वयात साधारण २७-२८ इंच. काउंटर शोभेसाठी नाही. तो नसेल तर लेकरू सरळ मांडणीपाशी जाऊन पुडा उचलतं, मागायची गरजच उरत नाही. म्हणून वस्तू दुकानदाराच्या पाठीमागे, त्याला दिसतील पण हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. काउंटरच्या दोन्ही बाजू बंद करा, नाहीतर तो वळसा घालून आत येतो.

फरशीवर काउंटरपासून एक फुटावर लाल चिकटपट्टी, दीड फूट लांब. इथं उभं राहायचं. तिच्या मागे दोन फुटांवर दुसरी पट्टी, ती रांगेसाठी. पण ती आत्ता नको, महिन्याभराने चिकटवा.

वस्तू पाचच. पार्ले-जीचा छोटा पुडा, मिठाचं १ किलोचं बंद पाकीट, अंगाचा साबण, चहाचं पाकीट, आणि त्याला सगळ्यात जास्त आवडतं ते एक. खाण्याचं एक तरी खरं असू द्या, खेळ संपल्यावर तो ते खाणार. मीठ-साबण वापरून संपलं की तेच रिकामं पाकीट वर्तमानपत्राचे बोळे भरून, तोंडाला टेप लावून परत ठेवता येतं. वजन मात्र जातं, म्हणून मीठ शक्यतो खरंच ठेवा. हातात १ किलो येणं हाही सरावच आहे. पंचवीस वस्तूंचं दुकान थाटलंत तर तो दुकान बघत बसेल, खरेदी होणार नाही.

एक पाटी दोरीला: एका बाजूला ‘दुकान चालू’, दुसऱ्या बाजूला ‘दुकान बंद’. दुकानदाराच्या खांद्यावर एक ठरलेला गमछा. गमछा असला की आई नाही, दुकानदार. गमछा काढला की खेळ संपला. तुम्ही दुकानदार झालात की तो बघत नाही, त्यामागे हेही असेल की त्याच्या दृष्टीने तुम्ही आईच आहात आणि आईकडे मागायची रीत वेगळी आहे.

आता पायऱ्या. भिंतीवर आडवी चित्रपट्टी लावा, फोन कॅमेऱ्याने काढलेले फोटो, रेखाचित्रं नकोत:

१. चित्रकार्ड आणि नोट घेतो
२. लाल पट्टीवर उभा राहतो
३. कार्ड देतो किंवा ‘मीठ द्या’ म्हणतो
४. पैसे देतो
५. वस्तू घेतो
६. उरलेले पैसे घेतो
७. दोन्ही पिशवीत टाकतो
८. पिशवी स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवतो

शिकवताना शेवटून या. पहिल्या दिवसांत १ ते ७ तुम्ही हात धरून करवून घ्यायचं, आठवी पायरी तेवढी त्याची. ती पक्की झाली की सातवी आणि आठवी त्याची. असं मागे मागे. कारण असं की प्रत्येक वेळी काम त्याच्याच हाताने पूर्ण होतं आणि लगेच बिस्कीट मिळतं. पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलं तर चौथीपाशी आपण दोघंही दमलेलो असतो आणि शेवट त्याला कधी दिसतच नाही. वेगळं चॉकलेट बक्षीस देऊ नका, विकत घेतलेली वस्तू हेच बक्षीस.

वेळ १० मिनिटं, त्यात चार-पाच खेपा. तो कंटाळायच्या आधी पाटी उलटायची.

राहिलं ओळी लावणं. ते बंद करायच्या मागे लागू नका, त्याला कामाला लावा. दुकान उघडायच्या आधी ३ मिनिटं ‘माल लावणं’ ही त्याचीच ड्युटी. टायमर वाजला की पाटी फिरते.

बाभळबन

वर सगळं बरोबर आहे, एक भर. ‘माझ्याकडे बघ’ ही अट मध्ये घालू नका. दुकानदाराला पैसे द्यायला नजरेला नजर भिडवावी लागत नाही. वस्तू आणि हात दिसले म्हणजे पुरे. बऱ्याच मुलांना बघणं आणि बोलणं एकदम होत नाही, एकाचा आग्रह धरला की दुसरं बंद पडतं. तसंच कार्ड दाखवून मीठ आणलं तर ती खरेदीच झाली. शब्द यावेत म्हणून कार्ड काढून घेणारे पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

आणि दिवसातला काही वेळ त्याचा त्याला, बिनधड्याचा खेळू द्या. ओळी लावू द्या हवं तितक्या.

जालन्याची_आई

धन्यवाद ओटी सर, बाभळबन. गमछ्याचं लगेच करते. एक अडचण आत्ताच दिसतेय. सासूबाई दुकानदार होऊन ‘काय पाहिजे?’ म्हणाल्या की तो पण ‘काय पाहिजे?’ म्हणतो. मी बाजूने ‘मीठ द्या म्हण’ सांगितलं की तो ‘मीठ द्या म्हण’ असंच म्हणतो, ‘म्हण’सकट. यावर काय?

नांदेडची_विशेष_शिक्षिका

ताई, ही ऐकलेलं परत म्हणायची सवय शिकवण्यात अडथळा वाटते, पण ती वापरता येते. तो जे ऐकतो तेच बोलणार आहे, तर त्याच्या कानावर त्याचंच वाक्य पडलं पाहिजे, दुसऱ्या कोणाचं नाही.

त्यासाठी माणसं दोन लागतात आणि त्यांची कामं कडक वाटलेली असावीत. दुकानदार समोर. मदतनीस मुलाच्या पाठीमागे, त्याच्या खांद्याशी, त्याला दिसणार नाही असा. मदतनीसाने फक्त दोनच गोष्टी करायच्या: हाताला हलकी दिशा देणं, आणि गरज पडली तर मुलाच्या तोंडचं वाक्य मुलाच्या आवाजात कानाशी म्हणणं, ‘मीठ द्या’. ‘म्हण’, ‘सांग की त्यांना’, ‘शाब्बास, आता पैसे दे बरं’ यातलं काहीही नाही. दुकानदाराने सुरुवातीला प्रश्नच विचारायचा नाही. हात पुढे, भुवया वर, थांबायचं. मनात ५ आकडे मोजायचे. आपल्याला ५ सेकंद फार वाटतात आणि आपण मध्येच बोलतो. लेकराला ऐकलेलं पचवून हात हलवायला तेवढे लागतातच. कार्ड देऊन किंवा बोलून वस्तू मागणं न सांगता होऊ लागलं की मग ‘काय देऊ?’ आणायचं, तेही हळू आवाजात, आणि त्याच क्षणी मदतनीसाने मागून ‘मीठ द्या’. काही दिवसांनी मागचा आवाज ‘मी...’ एवढाच, मग फक्त श्वास, मग काही नाही.

तोंडी मदत काढून घेणं सगळ्यात कठीण, म्हणून ती देतानाच कंजूषपणा करा. बोटाने दाखवणं सुटतं, हात धरणं सुटतं, पण ‘आता काय करायचं?’ या वाक्याची सवय लागली की मूल ते ऐकल्याशिवाय जागचं हलत नाही. दहावीच्या वयाची मुलं काउंटरपाशी आईच्या ‘हं, दे’ची वाट बघत उभी राहतात ती यामुळे.

दुपारी तुम्ही दोघंच असता तेव्हा मदतनीस म्हणजे चित्रपट्टी. तुम्ही दुकानदार, बोट पट्टीकडे.

आता तुमचा खरा प्रश्न, खऱ्या दुकानात करेल का. घरातलं दुकान रोज अगदी एकसारखं खेळलात तर नाही करणार. त्याच्यासाठी ती एक पूजा होऊन बसते: तीच जागा, तोच गमछा, तेच मीठ. त्यातलं काही चुकलं की रडारड. सलग तीन खेपा मदतीशिवाय जमल्या की लगेच एक गोष्ट बदला. एकच. आज दुकानदार बदलला तर पाकीट तेच. उद्या पाकीट वेगळ्या कंपनीचं, तर दुकानदार जुना. मग जागा: काउंटर गॅलरीत न्या. मग वाक्य. आपल्या भागात दुकानदार काय काय बोलतात ते आठवा: ‘काय पायजे?’, ‘काय लागतंय?’, ‘बोला’, ‘सांग बाळा’, आणि जुन्या गावात गेलं की ‘क्या होना?’. सगळी येऊ द्या. फक्त ‘काय देऊ?’ला उत्तर देणारं मूल मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, निम्म्या दुकानांत गप्प उभं राहील.

यानंतर मुद्दाम अडचणी. त्या नुसत्या गंमत म्हणून नकोत, खऱ्या दुकानात नेहमी घडतात त्याच घ्या:

वस्तू संपली. दुकानदार रिकामा हात दाखवून ‘संपलं’ म्हणतो. काउंटरवर दोन कार्डं: ‘दुसरं द्या’ आणि ‘नको, जातो’. पहिल्यांदा हे साबणावर करा, त्याच्या लाडक्या बिस्किटावर मुळीच नको. बिस्कीट संपलं हा सगळ्यात शेवटचा धडा.

कोणी पुढे उभं आहे. आता ती दुसरी लाल पट्टी लावा. आधी ५ सेकंद थांबणं, मग १०, मग ३०. थांबताना हातात काहीतरी द्या. पिशवीच धरू द्या. रिकाम्या हातांनी थांबणं मोठ्यांनाही जमत नाही, सगळे फोन काढतात.

चुकीची वस्तू. मीठ मागितलं, साबण दिला. ‘हे नाही’ म्हणणं किंवा मान हलवणं. हे येत नसेल तर मूल चुकीची वस्तू घेऊन घरी येतं आणि तिथं रडतं, आणि कोणाला कळत नाही का.

एका दिवशी एकच अडचण, आणि दिवसाची शेवटची खेप नेहमी सोपी ठेवा.

शून्य_शिल्लक

शाळेत गणित शिकवतो, संसाधन कक्षातली (विशेष गरजा असलेली) मुलं असतात, म्हणून पैशांपुरतं.

खेळण्यातल्या नोटा वापरू नका. कागद वेगळा, आकार वेगळा. शिकलेलं सगळं पुन्हा शिकवावं लागतं. सुरुवात १० च्या एका नोटेने आणि नेमक्या १० रुपयांच्या वस्तूने, म्हणजे परत काही येतच नाही. वरच्या यादीतली सहावी पायरी त्या काळात गाळा. मग ५ ची वस्तू, १० ची नोट, ५ चं एक नाणं परत. उरलेले पैसे मोजता येणं हे या टप्प्याचं उद्दिष्टच नाही. हात पुढे करून थांबणं हे आहे. बरीच मुलं वस्तू मिळाली की चालू पडतात.

नाण्यांत एक गोम आहे. आकारावरून नाणी ओळखायला शिकवलं की पोरं फसतात, आणि चूक त्यांची नसते. २०११ च्या मालिकेत २ रुपयांचं नाणं २५ मिमी आणि ५ चं २३ मिमी. २०१९ च्या मालिकेत बरोबर उलटं: २ चं २३, ५ चं २५. दोन्ही चलनात, एकाच गल्ल्यात. म्हणून या मालिकांतलं ५ ओळखायचं ते पिवळ्या रंगावरून आणि अंकावरून. १० आणि २० दोन्ही २७ मिमी, दोन्ही दोन रंगांची. १० ची कड पिवळसर आणि मध्य पांढरा, २० चं उलटं, शिवाय २० ला बारा कडा आहेत, बोटाला लागतात. तुमचा मुलगा अंक वाचतो, मग अंकाची बाजू वर ठेवून वाटीत वेगळं करायचा सराव वेगळा घ्या. दुकानाच्या खेळात नको, तिथं आधीच आठ पायऱ्या आहेत.

आणि पहिल्या खऱ्या खरेदीला १० चं नाणं देऊन पाठवू नका, नोटच द्या. १० रुपयांची सगळ्या १४ नक्षींची नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलंय, तरी आपल्याकडे काही दुकानदार ते नाणं हातानेच परत सरकवतात. मोठा माणूस वाद घालेल. हे लेकरू काय करणार?

अजून एक. आजकाल घरात रोकड दिसतेच कुठं. मूल रोज बघतं ते फोन पुढे धरणं आणि त्या डबीतून ‘रुपये प्राप्त झाले’ असा आवाज येणं. काही मुलांच्या डोक्यात खरेदी त्या आवाजानेच संपते. आवाज नाही आला तर ती काउंटर सोडत नाहीत. तसं दिसलं तर खेळात दोन्ही ठेवा: एक दिवस नोट, एक दिवस तुम्ही फोन धरणार आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजणार.

मोंढा_किराणा

दुकानदाराच्या बाजूने लिहितो. आम्हाला आधी सांगून ठेवा, एवढंच. चिठ्ठीवर चार ओळी पुरतात: माझा मुलगा येईल, कार्ड दाखवेल, घाई करू नका, त्याच्याऐवजी माझ्याशी बोलू नका. शेवटची ओळ महत्त्वाची. आई मागे उभी असली की आमचं तोंड आपोआप आईकडे वळतं.

येण्याची वेळ सकाळी ११ ते १२ बरी. संध्याकाळी ६ नंतर येऊ नका, तेव्हा दळण, दूध, उधारीची वही सगळं एकदम असतं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर अजिबात नाही. उन्हाळ्यात दुपारी येऊन उपयोग नाही, अर्धी शटर खाली असतात.

चिल्लर नसली की आम्ही चॉकलेट देतो हे खरंय. चूक आहे, पण देतो. हे पण घरी खेळून घ्या, नाहीतर पोरगं ५ च्या नाण्यासाठी हात पुढे धरून उभं राहील आणि आम्ही त्यात गोळ्या ठेवू.

जालन्याची_आई

शेवटचं वाचून हसू आलं, पण अगदी असंच होईल. चिठ्ठी लिहून ठेवते.

केस कापायचं कसं घेऊ? दुकानापेक्षा ते जास्त नडलंय. मशीनचा आवाज आला की पळतो. आणि दात घासणं, आंघोळ, गॅसजवळ न जाणं हेही याच कोपऱ्यात बाहुली घेऊन शिकवता येईल का?

ओटी_लातूर

दुसरा प्रश्न आधी. नाही. दात घासणं बेसिनपाशीच, सकाळीच, त्याच्याच ब्रशने. जे काम घरात रोज खऱ्या जागी होतंच आहे, त्याची नक्कल कशाला? कोपरा फक्त अशा गोष्टींसाठी, ज्या खऱ्या जागी शिकायला वेळ मिळत नाही, गर्दी असते, किंवा एकदाच बिनसलं की पुढे सहा महिने जाता येत नाही. दुकान, सलून, दवाखाना, एसटी. एवढंच.

प्लास्टिकचा गॅस तर घरातून काढूनच टाका. बटण फिरवायचं, भांडं ठेवायचं, शाब्बास म्हणायचं, हे शंभर वेळा केलेलं लेकरू खऱ्या शेगडीचं बटण फिरवणारच. हे खोटं आहे आणि ते खरं आहे, हा फरक त्याने आपला आपण करावा अशी आपली अपेक्षा असते, आणि नेमकं तिथंच त्याला जड जातं. त्याच कारणाने दवाखाना खेळताना पेपरमिंटला औषधाची गोळी म्हणू नका, रिकाम्या औषधपट्ट्या खेळायला देऊ नका. आणि तोंडात वस्तू घालायची सवय असेल तर नाणी सराव संपला की डब्यात, डबा वर. आवाज करणाऱ्या खेळण्यात बटणसेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं पाहिजे. बटणसेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

आता सलून. यात शिकवण्यापेक्षा सवय होणं जास्त आहे. त्रास एक नसतो, पाच-सहा असतात: मानेवरचं कापड, फवाऱ्याचं गार पाणी, मशीनचा आवाज, त्याची थरथर, मानेवर पडलेले केस, आणि हे कधी संपणार ते माहीत नसणं. प्रत्येकाला वेगळं घ्या. एकदम सगळं केलं तर नेमकं कशाने पळाला ते कळतच नाही.

खुर्ची आरशासमोर, पायाखाली पाट. पाय लोंबकळत असले की मुलं जास्त अस्वस्थ होतात. पहिले काही दिवस फक्त कापड. ते मऊ, धुतलेलं. गळ्याशी गाठ नको, क्लिप लावा म्हणजे त्याला स्वतः काढता येईल. कापड घालून १० पर्यंत मोजायचं आणि काढायचं. मोजणं मोठ्याने, आणि १० ला खरंच संपवायचं. एकदा जरी ‘अजून थोडंच’ म्हणून १५ केलंत तर मोजण्यावरचा त्याचा विश्वास गेला.

फवाऱ्यात कोमट पाणी, आधी त्याच्या हातात द्या, तो तुमच्या हातावर मारेल, मग स्वतःच्या, मग केसांवर.

मशीन बंद असताना हातात द्या. मग दुसऱ्या खोलीत चालू, दार उघडं. मग त्याच खोलीत १० फुटांवर, मग ५. कानावर हात ठेवले तर ठेवू द्या. जवळ आणल्यावर आधी मशीनची मागची बाजू, पात्याची नाही, त्याच्या तळहाताला. मग दंडाला, मग खांद्याला, मग मानेला. प्रत्येक टप्प्यावर तो शांत असताना थांबवायचं, रडल्यावर नाही. रडल्यावर बंद केलं की रडणं हाच मशीन बंद करायचा उपाय होतो. पण रडेपर्यंत ताणलं तर टप्पा मोठा घेतला असं समजून मागे या. दाबून धरून कापणं तर नकोच. त्याने त्या दिवशीचे केस कापले जातात, पुढच्या वेळी तो चपलाच घालत नाही.

हातात एक लाल ‘थांबा’ कार्ड द्या. दाखवलं की मशीन बंद, लगेच, ५ सेकंद. सुरुवातीला तो सारखं दाखवेल. दाखवू द्या. थांबतात हे पटलं की कमी होतं.

खऱ्या सलूनमध्ये मग मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. रविवारी अख्खं गाव तिथं असतं. पहिली फेरी नुसती खुर्चीत बसून परत यायची. दुसऱ्या फेरीत फक्त कात्री. घरचंच कापड घेऊन जा.

गोदाकाठ

परभणीकडून. एसटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत, मध्ये वाट, वाट खरोखर अरुंद ठेवा, दीड फूट. चढणं-उतरणं शिकवायला खेळ पुरत नाही. एसटीची पहिली पायरी उंच असते, त्यासाठी जिना किंवा ओटा वापरा. खेळात शिकवायचं ते हे: बसून राहणं, कंडक्टर येईपर्यंत थांबणं, तिकीट घेऊन खिशात ठेवणं (चुरगाळणं, तोंडात घालणं नाही), आणि उतरायची खूण. घंटी एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला, हे बहुतेक मुलांना फार आवडतं आणि पटकन कळतं. त्यावरच खेळ बांधा. घंटी वाजवायचं काम कंडक्टरचं, प्रवाशाचं नाही, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून. नाहीतर खऱ्या गाडीत दोरी ओढायला धावतो.

५ ते १२ वयाला अर्धं तिकीट आहे. २०२३ पासून बायकांनाही अर्धं, त्यामुळे ‘एक लेडीज, एक हाफ’ हे वाक्य तुम्ही खेळातही तसंच म्हणा. जागेवर रुमाल टाकणारे, उभे प्रवासी, कोणीतरी शेजारी येऊन चिकटून बसणं, हे सगळं उशा आणि घरची माणसं घेऊन करता येतं. पहिला खरा प्रवास जिथून गाडी सुटते त्याच स्टँडवरून, दोन थांब्यांपुरता. मधल्या फाट्यावर गाडी पकडायची धावपळ नंतर.

जालन्याची_आई

सगळ्यांचे आभार. ठरवलं असं: आधी फक्त दुकान, पाच वस्तू, गमछा, पाटी. मोजून १० मिनिटं. सलूनचं कापड संध्याकाळी वेगळं. लिहून ठेवायचं काही हवं का? आणि पुढच्या महिन्यात आठ दिवस माहेरी जायचंय, खंड पडेल.

नांदेडची_विशेष_शिक्षिका

एक वही. आडव्या रांगेत तारीख, उभ्या रांगेत आठ पायऱ्या, आणि प्रत्येक चौकोनात एकच अक्षर: ‘स्व’ म्हणजे स्वतः, ‘बो’ म्हणजे बोट दाखवून, ‘हा’ म्हणजे हात धरून. दिवसातल्या पहिल्या खेपेचंच लिहा, तीच खरी. पाचव्या खेपेपर्यंत सगळेच हुशार होतात. एखाद्या पायरीला दोन आठवडे ‘हा’ हलत नसेल तर ती पायरी मोठी आहे, तिचे दोन तुकडे करा. ‘पैसे देतो’ बहुतेक वेळा फुटतं: नोट खिशातून काढणं वेगळं, हातात ठेवणं वेगळं. ही वही थेरपीला नेत जा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) जात असाल तर तिथंही दाखवा, दहा मिनिटांच्या भेटीत तोंडी सांगण्यापेक्षा बरी.

माहेरी कोपरा उभारत बसू नका. गमछा, पाटी, तीन कार्डं आणि लाल टेप पिशवीत टाका, तिकडं पाट आडवा ठेवला की काउंटर झालं. मामा दुकानदार. जागा आणि माणूस दोन्ही एकदम बदलतायत, म्हणून मागणी त्याच्या सगळ्यात आवडत्या वस्तूचीच ठेवा आणि अडचणी त्या आठवड्यात बंद. परत आल्यावर मागे गेलेला दिसेल. शेवटच्या दोन पायऱ्यांपासून पुन्हा सुरू करा. या वेळी पहिल्यापेक्षा लवकर चढतो.